बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे

तपासनिसाने फक्त तपासून बघायचं ठरवलं होतं. पैसे टाकायचे हा विचार, अगदी शपथेवर सांगायचं तर, त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. नुसतं तपासून बघण्यात कुणाचं काय जातं? (जातं. थोडं थांबा.)

तपासणं ही त्याची नोकरीच होती. इमारतींमधली आपत्कालीन दारं तो तपासायचा. आग लागली, धूर कोंडला, तर माणसांनी ज्या दारातून जीव घेऊन पळायचं ते दार आतून ढकलल्यावर उघडतं का, पलीकडच्या जिन्यावर कुणी मोडकी कपाटं रचून ठेवलेली नाहीत ना, हे बघायचं आणि सही ठोकायची. सिनेमागृहं, दवाखाने, वसतिगृहं, मोठमोठी दुकानं, सगळीकडे त्याच्या सह्या होत्या. ऑफिसात त्याला 'दारवाले' म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी हॉलचं मागचं दार ढकलून बघायचा आणि मगच जेवायला बसायचा.

आता या कामात एक शिरस्ता होता. तपासणीला जायचं तर आधी लेखी कळवायचं. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक दार तपासण्यात येईल. त्यामुळे तपासनीस पोहोचेपर्यंत बिजागऱ्यांना ताजं तेल लागलेलं असे, जिना धुतलेला असे, मॅनेजर थंडगार सरबत घेऊन उभा असे आणि दार बोट लावताच उघडे. एकदा एका कापडाच्या दुकानातून निघताना त्याने सहज मागे वळून पाहिलं, तर नोकर मंडळी खोकी उचलून पुन्हा त्याच दाराशी रचत होती. पण सही झालेली होती. सही झालेल्या दाराकडे पुन्हा बघण्याची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

आणि एवढ्या मोठ्या तपासनिसाच्या घरात काय होतं? तर बायको अडकून पडली होती.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायकोचं खाली, त्याच इमारतीच्या पोटात, कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान. चेन बसवून दे, बाह्या कमी कर, सुटलेल्या पोटासाठी पँट ढिली कर, अशी कामं. हात असा की उसवलेलं कुठे होतं हे गिऱ्हाइकालाही नंतर सापडू नये. पण सगळं आयुष्य मशीनचं पायडल आणि जिना यांच्यात गेलं, आणि दोन्ही गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला. एका संध्याकाळी कठडा धरून, पायरीपायरीवर बसत ती वर आली ती आलीच. त्यानंतर खाली गेली नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि कठड्यावरून इतकी वाकून खाली बघे की तपासनीस मागून तिचा पदर धरून ठेवायचा. इतकं वाकलं की तिच्या दुकानाच्या शटरची कड दिसायची.

"अगं, मी आणि तुझा भाऊ मिळून तुला खुर्चीत बसवून खाली नेतो की," तपासनीस म्हणाला होता.

"मला उचलून नेतील ते एकदाच," ती म्हणाली होती, "आणि तेव्हा बघायला मी नसेन. तोवर मी माझ्या पायांनी उतरणार."

तो विषय तिथेच संपला.

गुडघ्याचे पैसे तिने स्वतःच साठवले होते. बाह्या कमी करून करून. पण ते एकाच गुडघ्याचे होते, आणि डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही बरोबर बदला, नाहीतर नवा गुडघा जन्मभर जुन्याचं ओझं वाहणार. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली. दुसऱ्या गुडघ्याचं काय करायचं हे कळत नव्हतं, आणि नेमका त्याच आठवड्यात मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. डोक्यावर एक केस उरला नव्हता, तरी ती त्याला 'बाळ' म्हणायची. बाळ दर वर्षी नवा धंदा काढायचा. ससे पाळून झाले होते, कोरफड लावून झाली होती. मध्ये एका वर्षी त्याने चुंबकी गाद्या विकल्या. पहिली गादी अर्थातच ताईला. हिच्यावर झोपलं की गुडघ्याचं दुखणं जातं, असं तो म्हणाला होता. गेला तो गुडघाच!

"भाऊजी," तो दारातूनच म्हणाला, "आता तुम्ही काही बोलू नका. नुसतं बघा."

त्याने मोबाइल पुढे धरला. त्यावर एक हिरवी रेघ होती. डावीकडे जमिनीवर लोळत होती आणि उजवीकडे छताला भिडली होती.

"हे काय?"

"झेप."

"दिसतेय. पण कशाची?"

"टोकनचं नाव आहे हो. झेप टोकन. ऑनलाइन नाणं समजा. आपण आज घ्यायचं, भाव चढला की विकायचं. मी माझी स्कूटर विकून घेतलंय."

"आणि आलास कसा?"

"चालत. पण महिन्याभराने मोटारीने येईन."

तपासनिसाने चष्मा चढवला. आता दुसरा कुणी असता तर त्याने एक तर मेहुण्याला हाकलून दिलं असतं, नाहीतर सरळ पैसे काढून दिले असते. पण हा तपासनीस! त्याने विचारलं, "बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे?"

मेहुण्याच्या चेहऱ्यावर आदर दाटून आला. "भाऊजी, म्हणून तर तुमच्याकडे आलो. दोनच गोष्टी तपासायच्या असतात म्हणे. एक, लिक्विडिटी. म्हणजे तुम्ही विकायला गेलात तर तुम्हाला द्यायला तिथे तळ्यात पैसे आहेत का. आणि दुसरं, हनीपॉट तर नाही ना."

"ते काय असतं?"

"मधाचं मडकं. माशी आत जाते, बाहेर येत नाही. काही टोकन विकत घेता येतात, पण विकता येत नाहीत. तशीच बनवलेली असतात. विकायचं बटण असतं, दाबलं की काही होत नाही."

"म्हणजे आतून न उघडणारं दार," तपासनीस म्हणाला. एवढ्या वर्षांनी आपल्या कामाचं महत्त्व जगाला कळलं, असं त्याला वाटलं.

तो रविवार त्याने तपासणीत घालवला. मेहुण्याने शिकवलं तसं बघितलं. तळ्यात पैसे होते, चांगले भरपूर होते, आणि कुणी उचलून पळू नये म्हणून त्यावर कुलूपही होतं. पहिला मुद्दा पास. मग मडकं ओळखणारी एक वेबसाइट होती. तिच्यात टोकनचा पत्ता टाकला की ती खोटी-खोटी खरेदी आणि खोटी-खोटी विक्री करून बघायची आणि निकाल द्यायची. तपासनिसाने पत्ता टाकला. पडदा लालभडक झाला. खरेदी शक्य. विक्री अयशस्वी.

"संपलं," मेहुणा म्हणाला. त्याला स्कूटर आठवली असावी, कारण तो मटकन खाली बसला.

इथे जर गोष्ट थांबली असती तर ती गोष्ट झाली नसती. एक स्कूटर गेली असती, एवढंच. पण तपासनिसाच्या हाताला वर्षानुवर्षांचं वळण. दारात दोष दिसला की दार बंद पाडायचं नसतं. मालकाला त्रुटी कळवायची असते, दुरुस्तीला वेळ द्यायचा असतो आणि फेरतपासणीची तारीख ठरवायची असते. झेपवाल्यांचा एक मोठा ग्रुप होता आणि त्याचा अ‍ॅडमिन स्वतःला 'कॅप्टन' म्हणवायचा. फोटोच्या जागी वाघ. तपासनिसाने त्या वाघाला अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं की आपल्या टोकनमध्ये बाहेर पडण्याच्या मार्गात अडथळा आढळला आहे, तो तात्काळ दूर करावा, आणि बुधवारी सकाळी प्रत्यक्ष चाचणी घेण्यात येईल.

कॅप्टनचं उत्तर पाचच मिनिटांत आलं. 'सर, मनापासून आभार. आपल्यासारख्या जाणकारांची आम्हाला गरज आहे. ती एक तांत्रिक बाब होती. आपल्या वॉलेटचा नंबर आणि चाचणीची नेमकी वेळ कळवा. आमचे इंजिनियर हजर राहतील.'

तपासनिसाचा ऊर भरून आला. इंजिनियर हजर राहतील! दवाखान्यांना तीन-तीन स्मरणपत्रं पाठवावी लागायची, तेव्हा कुठे एखादा वॉचमन हजर व्हायचा. त्याने वॉलेटचा नंबर दिला (म्हणजे ज्या ऑनलाइन पाकिटात त्याची नाणी पडणार होती, त्या पाकिटाचा), वेळ दिली, आणि बुधवारी आंघोळ करून, ऑफिसचा शर्ट घालून चाचणीला बसला. एका शर्टाच्या किमतीएवढं टोकन घेतलं. थोडा वेळ थांबला. विकलं. पैसे सुखरूप बाहेर. वर चहाचे पैसे सुटले.

"परत करून बघा," मेहुणा म्हणाला.

परत केलं. परत बाहेर.

मेहुण्याने तेवढ्यात वेबसाइट उघडली होती. "भाऊजी, ही अजून लालच दाखवतेय."

"अरे, ती वेबसाइट म्हणजे कागद," तपासनीस म्हणाला. "कागदावर काहीही असतं. मी प्रत्यक्ष जागेवर जाऊन दार उघडून आलोय. तेही दोनदा."

कॅप्टनने नम्रपणे विचारलं, 'सर, आपला अभिप्राय ग्रुपवर टाकाल का? लोकांना धीर येईल.' तपासनिसाने सवयीने जे प्रत्येक अहवालाच्या शेवटी लिहायचा तेच लिहिलं: मी स्वतः तपासणी केली आहे. बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे. खाली हुद्द्यासकट सही. कॅप्टनने ते वाक्य ग्रुपच्या माथ्यावर कायमचं चिकटवून ठेवलं.

आता उरली बायको. ती गॅलरीत बसून उशीला अभ्रा शिवत होती. सगळं ऐकून घेतलं आणि दातांनी दोरा तोडला.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगा, पुढच्या महिन्यात हवे तेव्हा पैसे निघतील ना?"

"अगं, मी स्वतः आत जाऊन बाहेर आलोय."

"तुम्ही तपासलंय?"

"मी तपासलंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याची पुष्कळ थट्टा केली होती. भाजी तपासून आणता येत नाही, आपल्या शर्टाची बटणं तपासता येत नाहीत, असं रोजचं चाललेलं असायचं. पण त्याच्या कामावर तिचा विश्वास होता. शहरातली एवढी माणसं ह्याच्या सहीच्या भरवशावर सिनेमाला जाऊन बसतात, असं ती शेजारणींना सांगायची. "घ्या मग," ती म्हणाली, आणि गुडघा त्याच्या हवाली केला.

पुढचे काही दिवस घरात असं सुख नांदत होतं की बोलायची सोय नाही. रेघ रोज वर चढत होती आणि तपासनीस ऑफिसातून आल्याआल्या बायकोला हिशेब द्यायचा. तोही पैशांत नाही, पायात. "आज दुसरा पाय घोट्यापर्यंत आला." "आज पोटरी झाली." एका शुक्रवारी तो जिन्यावरूनच ओरडत आला, "अगं, आला! दुसरा गुडघा आला!" आणि मेहुणा म्हणाला, "भाऊजी, थांबा, आता कंबर पण बघू."

बायको गॅलरीतून गिऱ्हाइकांना ओरडून सांगू लागली, कोट फेकू नका, ठेवा, दोन महिन्यांत बसते मशीनवर. तपासनिसाकडून तिने मशीनच्या तेलाची बाटली आणवली आणि उशाशी ठेवली. घरात मशीनच नव्हतं. नुसती बाटली.

मेहुणा रोज रेघ बघून हरखायचा. "भाऊजी, एक गंमत बघा. एवढे दिवस झाले, एकदाही लाल नाही. खाली येतच नाही. कुणी विकतच नाहीये!"

"विश्वास," तपासनीस म्हणाला. "लोकांचा विश्वास बसलाय."

(तुमच्या लक्षात आलं ना? त्यांच्या नाही आलं.)

दवाखान्यातून कारकुनाचा फोन आला, आगाऊ रक्कम भरा. तपासनीस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि विकायचं बटण दाबलं. व्यवहार अयशस्वी. त्याला वाटलं, बोट ओलं असेल. बोट पुसून दाबलं. अयशस्वी. अर्धे विकून बघितले. मग पाव. मग एका शर्टाएवढे. प्रत्येक वेळी अयशस्वी, आणि प्रत्येक दाबण्याची थोडी फी मात्र न चुकता कापली जात होती. ते एकच बटण असं होतं की जे चालत नव्हतं आणि तरी पैसे घेत होतं.

मेहुणा धावत आला. "भाऊजी, तुमच्या वॉलेटवरून तर होत होतं!"

"होत होतं ना. बुधवारी होत होतं."

"मग आज कोणता वार आहे?"

"वाराचा काय संबंध?" तपासनीस खेकसला. आणि बोलता बोलता थांबला. कारण वाराचाच संबंध होता. त्याच्या डोळ्यांसमोर कापडाचं दुकान आलं, आणि मागे वळून पाहिल्यावर दिसलेली ती खोकी. बुधवार, सकाळची वेळ, वॉलेटचा नंबर, सगळं त्यानेच कळवलं होतं. त्यांनी बुधवारी त्याच्या एकट्यापुरतं दार उघडून ठेवलं होतं आणि तो गेल्यावर पुन्हा लावून घेतलं होतं. बिजागरीला तेल लावून!

त्याने कॅप्टनला लिहिलं, दार उघडत नाही.

उत्तर पाच मिनिटांत आलं. त्या माणसाची तत्परता मानायला हवी. 'सर, असं कसं? आपणच तर पास केलंत.'

ग्रुप उघडला तर तिथे आग लागल्यासारखी पळापळ चालली होती. कुणी बहिणीची फी टाकली होती, कुणी घराचं भाडं. एकाने लिहिलं होतं, मी त्या तपासनिसाची सही बघून आत आलो, कुठे राहतो तो? आणि या सगळ्या आरडाओरड्याच्या वर, माथ्यावर, चिकटवलेलं त्याचं वाक्य शांत बसलं होतं. बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे. तपासनिसाने ते पुसायला बोट टेकवलं आणि त्याच क्षणी कॅप्टनने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. त्या सगळ्या प्रकरणात बाहेर पडू शकलेला तो एकटाच.

वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात, चौकट दोन्ही हातांनी धरून, बायको उभी होती. गॅलरीपासून तिथवर ती कशी आली हे तिचं तिलाच ठाऊक.

"किती गेलं?" तिने विचारलं.

"दोन्ही," तपासनीस म्हणाला.

"दुसरा आपला नव्हताच," ती म्हणाली. "माझा गेला का?"

त्याला मान हलवता येईना. मेहुण्याने हलवली.

तिने अगदी हळू विचारलं, "त्यांना आधी कळवून गेला होतात?"

"नियमच आहे तसा," तपासनीस म्हणाला, आणि आपल्याच तोंडून हे वाक्य ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको तिथेच, चौकटीला टेकून, खाली बसली आणि रडली. मोठ्याने नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे मांडीवर घेऊन बसलेली बाई, रडतानाही हात मांडीवरच होते. तपासनिसाला तिच्याजवळ जावंसं वाटत होतं. पण कोणत्या तोंडाने जाणार?

पोलीस चौकीत तो दुसऱ्या दिवशी गेला. हवालदार समजूतदार होता.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"कॅप्टन."

"नाव?"

"तेवढंच माहीत आहे."

"दिसायला कसा?"

"वाघासारखा," तपासनीस म्हणाला. "म्हणजे वाघच. फोटो होता."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "आपण काय करता?"

तपासनिसाने सांगितलं. हवालदाराने त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून मागे बघितलं. चौकीच्या मागच्या दाराला लोखंडी कपाट टेकवलेलं होतं. "ते आम्ही हलवतो हं," तो घाईघाईने म्हणाला, "तुम्ही येणार असाल तेव्हा. फक्त आधी सांगा." तपासनीस उठून बाहेर पडला.

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. दवाखान्यातल्या कारकुनाने ती दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याला दिली. घरात बोलणं जवळजवळ बंद होतं. मेहुणा रोज चालत यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा आणि चालत जायचा. त्याला बसायला कुणी सांगत नव्हतं आणि आपणहून बसायची हिंमत होत नव्हती.

मग एका सकाळी बायकोनेच तोंड उघडलं. "मला खाली न्या."

"कुठे?" तपासनीस घाबरला.

"दुकानात. पुन्हा साठवायचे तर शिवायला नको? वर बसून कोण देणार आहे मला?"

"पण तू म्हणाली होतीस की उचलून..."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "तेव्हा माझ्याकडे पैसे होते."

तिने जुन्या जाड पडद्याचे पट्टे कापले आणि हाताने दुहेरी टीप घालून शिवले. ते हातांच्या लाकडी खुर्चीला बांधायचे आणि दोघांनी खांद्यावर घ्यायचे. तपासनिसाला कितीतरी दिवसांनी काहीतरी करायला मिळालं होतं. यात तरी कसर ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. आदल्या संध्याकाळी त्याने मेहुण्याला घेऊन रीतसर तालीम केली. खुर्ची खाली नेली, वर आणली. पुन्हा खाली, पुन्हा वर. शेजाऱ्याची सायकल वळणावर आडवी येत होती, ती हलवायला लावली. कठड्याचा एक खिळा वर आला होता, तो ठोकला. आणि बायकोपुढे उभा राहून म्हणाला, "काही काळजी करू नको. मी स्वतः..."

"वाक्य पुरं करू नका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने चांगले कपडे घातले, तेलाची बाटली मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसली. पुढे तपासनीस उलटा, मागे मेहुणा. सगळ्या मजल्यांची दारं उघडली. लोक आदराने बाजूला होऊन, मान खाली घालून उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ तर सवयीने चपला काढू लागले.

"जिवंत आहे मी!" ती ओरडली. "चपला घाला!"

तिला खुर्ची निसटायची भीती वाटत होती आणि लाज त्याहून जास्त वाटत होती. तिने डोळे गच्च मिटून घेतले. तपासनिसाला ते दिसत होतं, कारण उलटं उतरणाऱ्या माणसाला चेहरा दिसतो. प्रत्येक पायरीला त्याच्या पाठीतून एक कळ जात होती आणि प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, बरं झालं, जाऊ दे, अजून जोरात जाऊ दे.

तळाला टेकले. शटर वर गेलं. आतून दमट कापडाचा, बंद खोलीचा वास आला. ती खुर्चीतूनच मशीनपर्यंत सरकली, धूळ पदराने पुसली, तेल घातलं, चाकाला हात लावला. चाक फिरलं. पाय हळूहळू चालत होते, पण पायडल मारता येत होतं. मग ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तपासनिसाला दुकानाबाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं.

दिवस चांगला गेला. गिऱ्हाइकं आली, कोट आले, चेनी आल्या. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिने मशीनवर कापड घातलं, गल्ला कमरेला खोचला आणि खुर्चीत बसून म्हणाली, "चला."

दोघांनी पट्टे खांद्यावर घेतले. एक, दोन, तीन म्हटलं. पहिल्या पायरीवर मेहुण्याच्या तोंडून कुत्र्याचं शेपूट दारात सापडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या पायरीवर तपासनिसाची पाठ, जी सकाळपासून नुसत्या सूचना देत होती, कायमची अडकली. त्याला वाकता येईना की सरळ होता येईना. खुर्ची कशीबशी पुन्हा जमिनीवर आली.

बायकोने वर जिन्याकडे बघितलं. तळापासून वरपर्यंत. मग या दोघांकडे.

"काल तुम्ही तपासलं होतं ना?" तिने विचारलं. "खाली येता येतं, वर जाता येतं?"

"दोनदा," तपासनीस वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाला. "दोन्ही वेळा सुरळीत."

"खुर्ची घेऊन?"

"हीच खुर्ची घेऊन."

"आणि खुर्चीत कोण बसलं होतं?"

मेहुण्याने टक्कल खाजवलं.

"चाचणी होती ना, ताई," तो म्हणाला. "चाचणीत कशाला कोण बसेल?"

मग ती वळली, आपली आपण खुर्ची सरकवत दुकानात गेली आणि आतून हाक आली.

"बाळ, वर जा आणि ती चुंबकी गादी घेऊन ये. मी कापायच्या टेबलावर झोपेन. ती गादी ह्यांना घाल."

"बरं ताई. आणि भाऊजींच्या पाठीला काय करू?"

"काही नको," ती म्हणाली. "ते स्वतः तपासतील."